वळणावरचा थांबा

रविवारी सकाळी थोरले गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून खोलीबाहेर आले, तेव्हाच आक्काने ओळखलं की हा काही आज घरी बसायचा नाही.

"कुठे निघाली स्वारी?" तिने विचारलं.

"दिवा आणायला. जिन्यातला गेलाय."

"तो जाऊन महिना झाला."

"म्हणूनच म्हणतो. किती दिवस चाचपडत चढायचं?"

"तू कशाला चढतोयस? वर धाकटा राहतो, आणि त्याच्या घरात तू नऊ वर्षांत पाऊल टाकलेलं नाहीस."

थोरले टोपी शोधू लागले. वीटभट्टीवर त्यांनी उभा जन्म मुकादमकी केली होती, एका हाकेत सगळा कारखाना हलवला होता. पण खोटं बोलले की त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. सत्तरी उलटली तरी पाळ्यांची ती सवय गेली नव्हती. आक्का त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठी. लहानपणी त्या पाळ्यांवरून तिने किती लबाड्या पकडल्या होत्या! टोपी तिच्याच खुर्चीमागे पडली होती. तिने ती काढून दिली, काही झालं तरी भाऊच तो.

"बारकीने काल काय सांगितलंय ते आठवतंय ना?"

"आठवतंय. म्हातारा झालोय, बहिरा नाही झालो."

बारकी म्हणजे थोरल्यांची लेक. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून हे नाव पडलं, आणि मग जी वाढली ती घरातल्या सगळ्यांच्या डोक्याच्या वर गेली. आदल्या संध्याकाळी ती मुद्दाम जिन्याच्या पायथ्याशी उभी राहून बोलली होती, म्हणजे खाली बापाला आणि वर काकाला, दोघांनाही एकदमच ऐकू जावं. "उद्या पर्यटन खात्याच्या बाई येतायत. आपली फेरी शहराच्या नकाशावर घ्यायची की नाही, ते त्या स्वतः चालून बघून ठरवणार. त्यांची अट एकच. फेरी एकाच माणसाने न्यायची, पहिल्या थांब्यापासून शेवटच्या थांब्यापर्यंत. तर मी नेणार. तुम्ही दोघांनी घरात बसायचं."

नंतर स्वयंपाकघरात येऊन आक्काला तिने हळूच उरलेलं सांगितलं होतं. "नकाशावर नाव आलं नाही ना आत्या, तर मी शहरातल्या संग्रहालयात नोकरी धरणार. बोलावलंय त्यांनी. बाबांचे गुडघे गेले, काकांना धाप लागते. मग आपली फेरी संपलीच."

आक्काला रात्रभर तेच खात होतं. फेरी त्यांच्या वडिलांनी, आप्पांनी सुरू केलेली. आप्पा ह्या उपनगरात टपाल वाटायचे. आठवडाभर पत्रं पोचवायची आणि रविवारी, हवा खायला शेवटच्या स्टेशनापर्यंत आलेल्या शहरातल्या लोकांना गाठून म्हणायचं, चला, आमचं गाव दाखवतो. दाखवायला काय होतं? एक धुराडं, मातीच्या खाणीत साठलेला तलाव, एक स्टेशन. पण आप्पा ते असं दाखवत की माणसं पुढच्या रविवारी पाहुणे घेऊन येत. त्यांच्यामागे दोघा मुलांनी ती फेरी चालवली, तीही मिळून. आणि एका रविवारी वळणावर माशी शिंकली.

घरापासून स्टेशनकडे जाणारा सरळसोट रस्ता मध्येच उगाचच वळतो. आजूबाजूला ना टेकडी, ना ओढा. का वळतो, ह्याची थोरले एक हकिकत सांगायचे. त्या दिवशी भर पाहुण्यांत धाकटे म्हणाले, "दादा, आप्पा असं सांगायचे नाहीत." झालं. तेव्हापासून दोघांत विस्तव जात नव्हता. फेरीचे दोन तुकडे पडले, रुळांच्या अलीकडचा थोरल्यांचा आणि पलीकडचा धाकट्यांचा. थोरले पाहुण्यांना पादचारी पुलाच्या मधोमध आणायचे, आभाळाकडे बघत "माझी हद्द इथे संपली" म्हणायचे आणि मागे फिरायचे. दुसऱ्या टोकाला धाकटे खाकरायचे. पाहुणे त्या खाकरण्याच्या दिशेने जायचे. शेवटी धाकटे त्यांना रुळांवरच्या फाटकातून फिरवून पुन्हा वळणावर आणायचे आणि म्हणायचे, "सकाळी तुम्ही एक ऐकलंत. आता खरं ऐका." कित्येक पाहुण्यांना वाटायचं, हे सगळं ठरवूनच चाललंय. ते टाळ्या वाजवायचे.

वरच्या मजल्यावर धाकटे खिडकीशी एक घड्याळ उघडून बसले होते. घड्याळदुरुस्तीचं दुकान त्यांनी दोन वर्षांपूर्वी बंद केलं, तरी रविवारी सकाळी हाताला चाळा लागायचाच. पण आज भिंग डोळ्याला होतं आणि डोळा रस्त्यावर.

"तो निघाला," ते म्हणाले.

"कोण?" त्यांच्या बायकोने, काकूने, चुलीपासून न हलता विचारलं. तिला चांगलं माहीत होतं कोण.

"टोपी घालून निघालाय. सांगितलं होतं ना पोरीने, घरात बसा म्हणून? पण ऐकेल तर शपथ!"

"मग तुम्ही बसा. कोणीतरी ऐकल्याचं तिला बरं वाटेल."

धाकट्यांनी भिंग काढून ठेवलं. "मी जरा वर्तमानपत्र आणतो."

"दारात पडलंय."

"ते कालचं आहे."

काकूने वळून नवऱ्याकडे बघितलं. ह्या घरात गेली नऊ वर्षं तिने फार शांतपणे एक कारभार चालवला होता. आक्का दुपारचं खाली जेवायची आणि रात्रीचं वर, आणि रात्री खाली जाताना तिच्या हातात एक झाकलेलं भांडं असायचं. "उरलंय गं, टाकवत नाही," असं काकू म्हणायची. बारकीची आई गेल्यापासून खालच्या घरात रात्रीचा स्वयंपाक धड होत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. धाकट्यांना ह्यातलं काही कळत नाही, असा तिचा समज होता.

"येईपर्यंत सूप करून ठेवते," ती म्हणाली.

धाकटे जोडे चढवत होते. मान वर न करता म्हणाले, "जरा जास्त कर. आज चालून येणारेत सगळे. चांगलं भरपूर उरू दे."

काकूच्या हातातला डाव तसाच राहिला. नवरा जिना उतरून गेल्यावर ती एकटीच बराच वेळ हसत होती.

पर्यटन खात्याच्या बाई गाडीतून उतरल्या त्या लंगडतच. जोडे नवे होते. बारकीला एकीकडे वाईट वाटलं आणि एकीकडे धडकी भरली, कारण पाय चावत असले की माणसाला काही आवडत नाही. बाईंना तिने "ह्यापण आपल्याबरोबर चालणार आहेत" एवढंच सांगून आक्काला सोबत घेतलं होतं.

"नेहमी सुरुवात वळणापासून होते," बारकी म्हणाली, "पण आज वळण शेवटी घेऊ."

"का?"

"तिथून चहा जवळ आहे," बारकी म्हणाली, आणि तेवढ्यात स्वतःच्या कानाच्या पाळ्या तापलेल्या तिला जाणवल्या.

पण धुराड्यापाशी पोचल्यावर तिची भीती पळाली. तिने बाईंना मान वर करून विटांचे थर बघायला लावले. खालच्या थरांत विटा एकाच रंगाच्या, आणि वर जावं तसतशा चट्ट्यापट्ट्यांच्या. "धुराडं बांधायला घेतलं तेव्हा पहिल्या भाजणीचा चांगला माल होता. मग गिऱ्हाइकं मागायला लागली. चांगली वीट विकायची, आणि जी वाकडी, करपलेली निघेल ती आपल्या धुराड्याला. म्हणून हे असं दिसतं. आमचं घरही त्याच विटांचं आहे. ह्या वस्तीत जुन्या घराची भिंत सरळ दिसली तर समजायचं, घरमालक भट्टीत कामाला नव्हता."

बाई हसल्या. तलावापाशी त्यांनी जोडे काढून पाय पाण्यात सोडले आणि तिथेच बसून पुढचं ऐकलं. पायाखाली जेवढं पाणी आहे तेवढी माती उचलून अर्धं शहर बांधलं गेलं, असं बारकी सांगत होती. पाणबदकं भाड्याच्या होड्यांना वाट देत नव्हती.

"ते टोपीवाले गृहस्थ," बाई हळूच म्हणाल्या, "आपल्या मागे आहेत का?"

"नाही, ते पुढे असतात. मागचे वेगळे."

बाईंनी मागे बघितलं. एका झाडाखाली कोणीतरी उघडलेलं वर्तमानपत्र उलटं धरून उभं होतं.

"घरचे का?"

"घरचेच," आक्का म्हणाली. "दोघेही."

पादचारी पुलावर बारकी चढली आणि बोलता बोलता मधोमध पोचून तशीच पुढे गेली. थोरले त्या वेळी पुलाच्या पायथ्याशी होते. इथून परत फिरायचं, ही गुडघ्यांनाही लागलेली सवय. पण लेकीचा आवाज पलीकडे चालला होता. ते कठड्याला धरून एकेक पायरी चढले आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा फेरीबरोबर पलीकडे उतरले.

पलीकडचं सगळं त्यांनी बघितलेलं होतंच. किराणा, दवाखाना, गाडी, सगळ्यांसाठी माणूस स्टेशनकडे येतोच. पण भावाने ते कसं सांगायला घेतलंय, हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. आता खांबाआड उभं राहून ते लेकीच्या तोंडून ऐकत होते. स्टेशनचं घड्याळ किंचित पुढे असतं, ते का? तर शेवटच्या गाडीने जाणाऱ्या प्रेमिकांना स्टेशनमास्तरांनी दिलेली ती सवलत होती. घड्याळ बघून धावत सुटायचं आणि फलाटावर येऊन कळायचं की अजून थोडा वेळ आहे. जुन्या चित्रपटगृहात आता गाद्यांचं दुकान आहे, पण मालकाने उतरती जमीन काही सपाट केली नाही, त्यामुळे पुढच्या रांगेतल्या गाद्या नेहमी स्वस्त, कारण त्यांच्यावर झोपून बघणारं गिऱ्हाईक घरंगळतं. बाई खो खो हसल्या. थोरलेही हसले, आणि मग आपण हसलो हे लक्षात येऊन त्यांनी खिशातून रुमाल काढला. बरं सांगतो लेकाचा, त्यांच्या मनात आलं. आप्पांसारखं सांगतो. हे त्याला आता कोण सांगणार?

आणि मागून येणाऱ्या धाकट्यांच्या डोक्यात अजून त्या करपलेल्या विटा होत्या. ती गोष्ट दादाची. पोरीने ती जशीच्या तशी उचलली होती, थांबायच्या जागांसकट.

फाटकातून फिरून सगळे वळणावर आले, तेव्हा दुपार व्हायला आली होती. बाईंनी दमून मैलाच्या दगडावर टेकून घेतलं. चेहऱ्यावर पसंती दिसत होती. एकच थांबा उरला होता. थोरले समोरच्या पदपथावर येऊन उभे राहिले, धाकटे अलीकडच्या. आता लपण्याचं नाटक दोघांनीही सोडून दिलं होतं.

"हा रस्ता असा मध्येच का वळतो?" बाईंनी आपणहून विचारलं.

बारकीने एकदा बापाकडे बघितलं, एकदा काकाकडे. एकाचं सांगितलं की दुसरा कायमचा तुटणार, हे तिला सकाळपासून माहीत होतं. नकाशा राहिला बाजूला. बापाच्या समोर बसून जेवायचं होतं आणि काकाच्या हातचं घड्याळ तिच्या मनगटावर होतं.

"ह्याच्या दोन हकिकती आहेत," ती म्हणाली.

"एकच आहे," थोरले पलीकडून म्हणाले. "इथे एका म्हातारीचं कोंबड्यांचं खुराडं होतं. रस्तेवाले आले तशी ती खुराड्यापुढे आडवी पडली. हलली नाही. शेवटी रस्ता हलला."

"काही म्हातारीबितारी नव्हती," धाकटे म्हणाले. पण बोलले बाईंकडे बघून. "रस्ता दोन टोळ्यांनी दोन टोकांकडून बांधत आणला. दोघींना वाटत होतं आपलंच सरळ आहे. इथे आल्या आणि कळलं, एकीचा रस्ता दुसरीच्या रस्त्याला भेटतच नाही. मग वळण घेऊन जोडला. हे मला आप्पांनी स्वतः सांगितलंय."

"मला काय त्यांच्या शेजाऱ्याने सांगितलंय?"

"तुम्ही सांगा त्यांना, बाई, उगाच वाट्टेल ते—"

"वाट्टेल ते कोण बोलतंय?"

बारकीच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, आजच्या दिवस तरी!" ती म्हणाली, पण ऐकतंय कोण. बाई उठून उभ्या राहिल्या आणि अशा वेळी परकं माणूस जसं लांब कुठेतरी बघतं तसं बघू लागल्या.

"मला तिसरीच सांगितली होती," आक्का म्हणाली.

दोघांच्याही माना तिच्याकडे वळल्या. नऊ वर्षांत ह्या वळणाबद्दल आक्काला कोणी विचारलंच नव्हतं, आणि आपणहून सांगण्यातली ती नव्हती. शहरातल्या इस्पितळात नर्स म्हणून तिने आयुष्य काढलं. दुसऱ्यांची दुखणी ऐकायची सवय होती, स्वतःचं बोलायची नव्हती.

"आप्पा माणूस बघून गोष्ट सांगायचे," ती बाईंना म्हणाली. "हा थोरला लहानपणी कोणी दटावलं की मागे सरायचा, म्हणून त्याला न हलणारी म्हातारी मिळाली. धाकट्याचं कायम मीच बरोबर, म्हणून त्याला त्या दोन टोळ्या. मी सतरा वर्षांची होते. नर्सिंग शिकायला शहरात निघाले होते, ट्रंक घेऊन. आप्पा दारात थांबले. खांद्यावर टपालाची पिशवी, कामाची वेळ झालेली. मी म्हटलं, वळणापर्यंत तरी या. तर म्हणाले, 'हे वळण कशासाठी केलंय माहितीये? जाणारं माणूस लवकर दिसेनासं व्हावं आणि दारातल्याला फार वेळ उभं राहायला लागू नये, म्हणून. तू वळलीस की मी मोकळा.'" तिने पदर सावरला. "मोकळा म्हणाले. मला इतका राग आला की मी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. अजून आहे थोडा राग."

"पण ते मोकळे झाले नाहीत," थोरले म्हणाले.

"नाहीच झाले," धाकटे म्हणाले.

आक्काने एकाकडे बघितलं, मग दुसऱ्याकडे. "म्हणजे?"

"ट्रंक आम्ही नेली ना स्टेशनवर," थोरले म्हणाले. बोलता बोलता ते रस्ता ओलांडून अलीकडे आले. "तुला गाडीत बसवलं आणि परत आलो. तर आप्पा दारातच."

"पिशवी खांद्यावर तशीच," धाकटे म्हणाले. "मी म्हटलं, आप्पा, टपाल? तर म्हणाले, जातो."

"पण हलले नाहीत. लोक यायला लागले विचारायला, आज टपाल नाही का म्हणून. एकालाही उत्तर दिलं नाही. दुपारी मी जेवायला हाक मारली—"

"हाक मी मारली, दादा. तू विहिरीवर होतास."

थोरल्यांनी तोंड उघडलं. बारकीने श्वास रोखला.

"बरं," थोरले म्हणाले. "तू मारलीस. जेवले मात्र नाहीत."

"रस्त्यावरचे दिवे लागले तेव्हा आईने हाताला धरून आत नेलं," धाकटे म्हणाले. "त्या दिवसाचं टपाल सगळ्या वस्तीला दुसऱ्या दिवशी मिळालं."

"एवढ्या वर्षांत तुम्ही मला हे कधी सांगितलं नाहीत?" आक्काने विचारलं.

"त्यांनीच बजावलं होतं, तिला कळवू नका. कळलं तर ती शिक्षण सोडून परत येईल. पुढे ते गेले तेव्हा मला वाटलं, ह्याने सांगितलं असेल."

"आणि मला वाटलं, दादाने."

आक्काने पदराने डोळे पुसले, पुन्हा भरले तशी पुसायचं सोडून दिलं. बाईंनी आपला रुमाल पुढे केला.

"मग ह्या वळणाचं मी काय लिहू?" थोड्या वेळाने त्यांनी बारकीला विचारलं.

"रस्ता का वळतो ते मला माहीत नाही," बारकी म्हणाली. "आमच्या घरात कोणालाच माहीत नाही. पण इथे थांबल्यावर मी लोकांना ह्या तिन्ही गोष्टी सांगीन, आणि त्या दिवशी टपाल का आलं नाही, तेही सांगीन." तिने दोघांकडे बघितलं. "चालेल ना?"

"चालेल," थोरले म्हणाले. "विहिरीवर होतो ते मात्र गाळ."

"ते तर आधी सांग," धाकटे म्हणाले.

"हे एवढं सगळं नकाशावर मावायचं नाही," बाई म्हणाल्या. त्या खाली वाकून जोड्याचे बंद सैल करत होत्या. "नुसता ठिपका देते आणि तुमचं नाव. ऐकायला लोकांना इथे यायला लागेल. तो चहा जवळ आहे म्हणालात, तो कुठे?"

थोरल्यांनी धाकट्यांच्या खांद्याचा आधार घेतला. गुडघे दुखतायत, असं ते म्हणाले. धाकट्यांनी, सावकाश रे, एवढंच म्हटलं, आणि दोघे विहीर कोणत्या बाजूला होती ह्यावरून वाद घालत पुढे झाले. बारकी बाईंना घेऊन त्यांच्यामागे निघाली.

आक्का मागे राहिली. वळणाच्या ह्या अंगाने घराचं दार दिसत नाही. ती चार पावलं पुढे गेली, तशा त्या वेड्यावाकड्या विटांच्या भिंती दिसल्या, मग जिना, मग दार. दारात काकू उभी होती. हात पुसायचं फडकं खांद्यावर टाकून, डोळ्यांवर हाताची सावली धरून, सगळी माणसं नजरेत येईपर्यंत ती रस्त्याकडे बघत होती. आक्काने हात उंच केला आणि तिच्याकडे बघून हलवला, आणि काकूनेही हात हलवला तरी आक्काने आपला खाली घेतला नाही.